ब्रुकलँड्सच्या बायका

‘ट्रॅक डे’ म्हणजे काय, असं विचारलं तर आपल्यापैकी बऱ्याच जणींना शाळेतल्या खेळांच्या स्पर्धा आठवतील. तसं नाही हं. स्वतःची मोटरसायकल घेऊन रेसच्या ट्रॅकवर जायचं, ठरलेली फी भरायची आणि दिवसभर ती मनसोक्त पळवायची, याला म्हणतात ट्रॅक डे. तिथं शर्यत नसते, बक्षीस नसतं, पहिला-दुसरा नंबर नसतो. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही, खड्डे नाहीत, स्पीडब्रेकर नाहीत आणि ‘बाई, लायसन्स दाखवा’ म्हणणारे पोलीसमामाही नाहीत. आपल्याकडं कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर असे दिवस होतात. २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला मोठा बुद्ध सर्किट सुरू झाला, तिथंही होतात.

हे सगळं मला माझ्या भाचीनं सांगितलं. ही पुण्यात नोकरी करते. पगारातून हप्ते भरून तिनं मोटरसायकल घेतली तेव्हाच घरात अबोला झाला होता. मग एक दिवस वहिनींचा फोन आला, ‘‘ताई, तुम्हीच समजवा हिला. कोइमतूरला जाऊन रेसच्या रस्त्यावर गाडी चालवणार म्हणते. उद्या हातपाय मोडले तर कोण बघणार आहे?’’ मी भाचीला फोन लावला. समजवायचं राहिलं बाजूला, तिचंच ऐकत बसले. गाडीचे आरसे काढून ठेवायचे, दिव्यांना चिकटपट्टी लावायची म्हणजे पडली तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. अंगात चामड्याचा सूट, त्यात कोपरांना, गुडघ्यांना, पाठीला संरक्षण. आधी तपासणी होते, टायर झिजलेले असले तर परत पाठवतात. नवखे आणि मुरलेले यांचे वेगवेगळे गट करतात. पिवळा झेंडा दिसला की पुढं काहीतरी घडलंय, ओव्हरटेक करायचं नाही. लाल दिसला की सगळ्यांनी हळूहळू परत यायचं.

‘‘आत्या, खरं सांगू? रस्त्यावर मी कायम दुसऱ्यांकडं बघत गाडी चालवते. कोण कट मारतंय, कोण मागं लागलंय, कोण काय बोलतंय. ट्रॅकवर पहिल्यांदा फक्त गाडीकडं बघून गाडी चालवली. तिथं सरकार नसतं गं!’’

सरकार नसतं! शब्द गमतीचा होता, पण माझ्या डोक्यात घोळत राहिला. कारण हे ट्रॅक आले कुठून याचा शोध घेतला, तर त्याचं मूळ सरकारपाशीच सापडतं. इंग्लंडात १९०३ साली कायदा झाला, रस्त्यावर ताशी २० मैलांच्या, म्हणजे आपल्या ३२ किलोमीटरच्या वर गाडी पळवायची नाही. फ्रान्समध्ये रस्ते बंद करून शर्यती चालायच्या, इंग्लंडच्या पार्लमेंटला ते मंजूर नव्हतं. मग लंडनजवळ सरे परगण्यात वेब्रिज नावाचं गाव आहे, तिथल्या ह्यू लॉक किंग या जमीनदारानं स्वतःच्या जागेत शर्यतीसाठीच रस्ता बांधायला घेतला. तोच ब्रुकलँड्सचा ट्रॅक. जगात शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला असा हा पहिलाच. पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा लंबगोल, १०० फूट रुंद, आणि वळणावर कडा जवळजवळ तीस फूट उचललेली. परातीच्या काठानं गोटी गरगर फिरवली तर ती बाहेर पडत नाही ना, तसंच हे.

खर्च हाताबाहेर गेला, ह्यूसाहेबांची तब्येत ढासळली. तेव्हा त्यांची बायको एथेल पदर खोचून उभी राहिली. (पदर नव्हता, पण आपण समजून घेऊ.) तिनं आणि तिच्या माहेरच्यांनी हे काम तडीला नेलं. १७ जून १९०७ रोजी ट्रॅक सुरू झाला, तेव्हा मिरवणुकीत सगळ्यांत पुढची गाडी एथेल स्वतः चालवत होती. आणि त्याच ट्रॅकवर त्याच वर्षी डोरोथी लेव्हिट या त्या वेळच्या नावाजलेल्या बाईनं शर्यतीत उतरायला मागितलं, तर ‘बायकांना नाही’ असं उत्तर मिळालं. ट्रॅक बाईनं पुरा केला, पण शर्यत फक्त बाप्यांची!

पुढच्या वर्षी ‘लेडीज ब्रेसलेट’ नावाची बायकांची एक शर्यत ठेवली. नाव बघा, ब्रेसलेट! पुरुषांना कप आणि बायकांना बांगडी. ती म्युरिएल थॉम्प्सन नावाच्या बाईनं जिंकली, एथेल दुसरी आली. बायका चांगल्या चालवतात हे दिसलं, आणि तरीही बायकांना पुन्हा नियमितपणे आत घ्यायला १९२० चं दशक उजाडलं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. शर्यती बंद पडल्या आणि तिथल्या कारखान्यात विमानं बनू लागली. आणि आता ‘बायकांना झेपत नाही’ हे कोणी म्हणेना. म्युरिएल फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होती. मे १९१८ मध्ये सेंटओमेरजवळ बॉम्बहल्ला चालू असताना तिनं आणि तिच्या पथकानं गाड्या थांबवल्या नाहीत. तिला शौर्यासाठी मिलिटरी मेडल मिळालं. तिच्या देशात बायकांना मत द्यायचा अधिकार मिळाला तोही १९१८ सालीच, आणि तोही सगळ्यांना नाही. तीस वर्षं पुरी झालेल्या आणि घरदार-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ साल उजाडलं. अ‍ॅम्ब्युलन्स चालवणाऱ्या कित्येक पोरी पंचवीस वर्षांच्या आतबाहेरच्या होत्या. बॉम्बखाली गाडी चालवायला त्यांचं वय पुरत होतं, मत द्यायला पुरत नव्हतं.

आता येते मी माझ्या लाडक्या बाईकडं. बिएट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९, म्हणजे आपल्या महिलादिनाच्याच तारखेचा. बाप खाटीक. चौदाव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून हिनं जुनी मोटरसायकल घेतली आणि स्वतः खोलून परत जोडली. मार्गारेट पार्ट्रिज नावाची एक इंजिनिअर बाई गावोगावी विजेची कामं घ्यायची, तिच्या हाताखाली उमेदवारी केली. त्याच बाईंनी मागं लागून तिला मँचेस्टरच्या विद्यापीठात पाठवलं. १९३२ साली बिएट्रिस इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली, त्यानंतर मेकॅनिकलमधली एम.एस्सी. केली. (पार्ट्रिजबाईंसारखी एखादी बाई प्रत्येक गावात का नसते, असं मला वाटून जातं. एकीनं एकीला पुढं ढकललं की काय होतं ते बघा.)

ब्रुकलँड्सवर एक पद्धत होती. शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर सरासरीनं एक फेरी मारली की ‘गोल्ड स्टार’चा छोटा बिल्ला मिळायचा. १९३४ साली बिएट्रिसनं ५०० सीसीच्या नॉर्टनवर ताशी १०६ मैलांनी फेरी मारली. म्हणजे १७० किलोमीटर! आजच्यासारखे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नाहीत, काँक्रीटला जागोजागी उंचवटे, आणि हेल्मेट म्हणजे नुसतं डोक्यावरचं टोपलं. मोटरसायकलवर हा बिल्ला मिळवणाऱ्या बायका त्या ट्रॅकच्या सगळ्या इतिहासात तीनच झाल्या. बिएट्रिस, फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन आणि थेरेसा वॉलाक. बिएट्रिसबद्दल अशी गोष्ट सांगतात, की जॉर्ज नेलरनं लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधी तू पण गोल्ड स्टार मिळव, मग बघू. खरं-खोटं देव जाणे, पण दोघांचं लग्न १९३८ साली झालं आणि जॉर्जकडंही तो बिल्ला होता. आपल्याकडं मुलीला स्वयंपाक येतो का विचारतात, तसंच हेही!

१९३६ साली तिला फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात नोकरी लागली. त्या काळी तिकडच्या सरकारी खात्यात लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची, असा नियम होता. तो रद्द झाला १९४६ साली. बिएट्रिसच्या बाबतीत मात्र तो आड आला नाही. युद्ध दारात उभं होतं आणि कार्बोरेटर तिच्याइतका समजणारं माणूस हवंच होतं.

आणि तो कार्बोरेटरच अडला. १९४० साली जर्मन विमानं इंग्लंडवर चालून येत होती. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत मर्लिन इंजिन होतं. जर्मन मेसरश्मिटचा पाठलाग करताना त्यानं नाक खाली घालून सूर मारला, की इंग्रज वैमानिकालाही तसाच सूर मारावा लागे. आणि तेवढ्यात त्याचं इंजिन गचके खाई, काळा धूर सोडी. जर्मन इंजिनात पेट्रोल थेट दाबानं आत जायचं, म्हणून त्यांना हा त्रास नव्हता. इंग्रज इंजिनातल्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असायचा. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तो बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येतो आणि नळ बंद करतो, तसाच. आता कल्पना करा, कोणी ती टाकीच झटक्यात खाली ओढली. पाणी झाकणाला जाऊन लागणार. आधी खालच्या तोटीला काहीच मिळणार नाही, आणि बॉलचा हिशेब चुकल्यावर नळ वाहतच राहणार. पेट्रोलचंही तसंच व्हायचं. आधी उपास, मग पूर. तेवढे एक-दोन सेकंद शत्रूला निसटायला पुरेसे, आणि पाठीमागं दुसरा असला तर तुम्हाला मारायलाही.

बिएट्रिसनं काय केलं? एक छोटी धातूची चकती बनवली, वायसरसारखी, मधोमध नेमक्या मापाचं भोक. इंजिनाला जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच त्यातून जाणार, पूर येणारच नाही. विमान कारखान्यात परत न्यायची गरज नाही, तळावरच बसवता यायची. १९४१ च्या सुरुवातीला ती आणि तिचे सहकारी एकेका तळावर जाऊन ती बसवत फिरले. ती स्वतः आपल्या नॉर्टनवरून जायची म्हणतात. पुढं १९४३ मध्ये नव्या तऱ्हेचा कार्बोरेटर येईपर्यंत या चकतीवर काम भागलं. वैमानिकांनी त्या चकतीला तिच्या नावानं एक चावट नाव ठेवलं होतं. ते मी इथं लिहीत नाही, पण बाप्यांची जात सगळीकडं सारखीच, एवढं सांगते.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा सगळ्यांचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. पण मग मला दुसराही विचार सुटत नाही. त्या चकतीनं कितीतरी इंग्रज पोरं जिवंत घरी आली. आणि तिच्यामुळंच कितीतरी जर्मन पोरं परत गेली नाहीत. बिएट्रिसचा नवरा जॉर्ज स्वतः बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला. तो रात्री जर्मनीवर उडत असेल तेव्हा फार्नबरोच्या कार्यशाळेत तिच्या हातातला पाना थरथरला असेल का? आमचा सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात. माझे सासरे ७१ च्या लढाईत होते. ते कधी बोलायचे नाहीत त्याबद्दल. सासूबाई मात्र सांगायच्या, की ते दोन आठवडे रेडिओवर विजयाच्या बातम्या लागल्या की आळीतले लोक फटाके उडवायचे आणि त्या स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून बसायच्या, कारण पोस्टमन अजून यायचा असायचा. हिटलरला अडवायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती लढाई टाळून चाललं नसतं. तरीपण लढाई ही ज्यांनी ठरवली त्यांच्या घरात कमी आणि ज्यांनी ठरवली नाही त्यांच्या घरात जास्त येते, हे मी माझ्या सासरीच बघितलंय.

थेरेसा वॉलाकबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर जागा पुरायची नाही. डिसेंबर १९३४ मध्ये ती आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी पँथर मोटरसायकलला साइडकार आणि मागं ट्रेलर जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून जुलै १९३५ मध्ये थेट केपटाउनला पोचल्या. सोबत पुरुष नाही. थेरेसाला गोल्ड स्टार १९३९ साली मिळाला, आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. ती बायकांच्या लष्करी दलात गेली, मेकॅनिक झाली, आणि मग मोटरसायकलवरून निरोप पोचवणारी स्वार. दिवे बंद, रस्त्यावरच्या पाट्या काढून टाकलेल्या, आणि खिशात लष्करी कागद. डिसेंबर १९४१ मध्ये सरकारनं कायदाच केला आणि वीस ते तीस वयाच्या बिनलग्नाच्या बायकांना सक्तीनं युद्धकामावर घ्यायला सुरुवात केली. १९३० साली हेच लोक बायकांना मोटरसायकलच्या शर्यती झेपत नाहीत म्हणत होते, बरं का.

हे १९३० चं प्रकरण सांगायचं तर चौथ्या बाईकडं यावं लागतं, आणि ही बाई मला जराही आवडत नाही.

फे टेलर. १९०४ साली आयर्लंडमध्ये जन्मली. चांगल्या खात्यापित्या घरची, शिकलेली. त्या वेळी ‘स्पीडवे’ नावाचा खेळ नवीन आला होता. मातीच्या गोल ट्रॅकवर ब्रेक नसलेल्या मोटरसायकली, वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं. १९२८ साली ही त्यात उतरली. बायकांना येऊ देत नव्हते, तर ही घुसलीच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाऊन तिथल्या भल्याभल्या पुरुषांना हरवून आली. हजारो लोक तिला बघायला यायचे. आणि १९३० मध्ये इंग्लंडात बायकांना स्पीडवेची बंदी झाली. धोका आहे, म्हणे. धोका पुरुषांनाही होता, ते मरतही होते. पण बाई पडलेली लोकांना बघवत नाही आणि बाई जिंकलेली पुरुषांना बघवत नाही, असा तो दुहेरी पेच. मग ही मोटारीच्या शर्यतींकडं वळली. ब्रुकलँड्सवर एकदा शर्यत संपली तरी थांबेना. झेंडेवाले मध्ये येऊन हात हलवताहेत आणि ही त्यांना चुकवत फेऱ्यांवर फेऱ्या मारतेय! त्याबद्दल तिच्यावर कारवाई झाली. इथपर्यंत वाचलं की आपण तिच्या बाजूचे होतो.

पण युद्ध तोंडावर आलं तेव्हा फे टेलर हिटलरच्या बाजूची निघाली. ऑस्वाल्ड मोस्लेच्या फॅसिस्ट लोकांत मिसळू लागली, जर्मनीशी लढू नये असं उघड म्हणू लागली. लढाई नको म्हणणारे सगळे सारखे नसतात, हे इथं लक्षात ठेवलं पाहिजे. कोणाला लढाई नको असते कारण माणसं मरतात, आणि कोणाला नको असते कारण समोरचा हुकूमशहा आवडतो. ही दुसऱ्यातली.

जून १९४० मध्ये तिला पकडलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, वकिलानं उभं राहून बाजू मांडायची सोय नाही. ‘रेग्युलेशन १८-बी’ नावाचा युद्धकाळातला नियम होता. गृहमंत्र्याला एखाद्या माणसापासून धोका वाटला की पुरे. आधी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात आणि मग ‘आइल ऑफ मॅन’ या बेटावर. योगायोग बघा, मोटरसायकलच्या शर्यतींची पंढरी म्हणजे हेच बेट! १९०७ पासून तिथं ‘टीटी’ नावाची जगप्रसिद्ध शर्यत होते. तिथंच जगातल्या एका नामांकित बाई-रेसरला तारेच्या कुंपणात ठेवलं. आणि आणखी एक. त्याच बेटावर पोर्ट एरिनच्या बायकांच्या छावणीत जर्मनी-ऑस्ट्रियाच्या हजारो बायका होत्या, आणि त्यांतल्या कित्येक हिटलरच्या भीतीनं जीव मुठीत धरून पळून आलेल्या ज्यू होत्या. कागदावर ‘जर्मन’ लिहिलेलं, म्हणजे शत्रू. ज्यू बाई आणि हिटलरची भक्त, दोघी एकाच कुंपणात. सरकारचा हात एवढा मोठा असतो, की त्याच्या बोटांना बारकं काही लागत नाही.

हे फार लांबचं वाटत असेल तर सांगते. त्याच काळात इंग्रजांनी हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मनांनाही असंच पकडलं. आपल्या पुरंदर किल्ल्यावर आणि खुद्द साताऱ्यात त्यांच्या बायकापोरांच्या, कुटुंबांच्या छावण्या होत्या. त्यांतही पळून आलेले ज्यू होते. आणि खटला न चालवता तुरुंगात टाकायचं हेच हत्यार त्यांनी आपल्या लोकांवर चालवलं. १९४२ ला नेहरू, पटेल, आझाद नगरच्या किल्ल्यात गेले ते काही कोर्टाच्या निकालानं गेले नव्हते.

मागच्या महिन्यात आमच्या भिशीत मी ही फे टेलरची गोष्ट सांगितली. चहा गार झाला एवढी वादावादी! एक जण म्हणाली, ‘‘बरंच केलं, हिटलरच्या बाजूची होती ना, मग आत टाकायचं नाही तर काय पूजा करायची?’’ दुसरी म्हणाली, ‘‘तिनं केलं काय पण? बॉम्ब टाकला का? नुसती बोलली ना?’’ पाटीलबाई शिक्षिका होत्या, त्यांनी विचारलं, ‘‘खटला चालवायला काय हरकत होती? हेर असेल तर सिद्ध करा आणि द्या फाशी.’’ त्यावर पहिली म्हणाली, ‘‘युद्धात वेळ असतो का एवढा?’’

मी पाटीलबाईंच्या बाजूची आहे. फेचे विचार किळसवाणे होते, म्हणूनच तिचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. आवडत्या माणसाच्या हक्काबद्दल कोणीही बोलेल. चर्चिलच्याच सरकारनं हे सगळं केलं, पण १९४३ मध्ये मोस्लेला सोडायची वेळ आली तेव्हा स्वतः चर्चिलनंच गृहमंत्र्याला कळवलं, की आरोप न ठेवता माणसाला डांबायचा अधिकार ही अत्यंत घृणास्पद गोष्ट आहे. १९४१ साली याच नियमावरून तिथल्या वरिष्ठ न्यायालयात एक दावा गेला होता. बाकीच्या न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली, एकट्या लॉर्ड अ‍ॅटकिननी विरोध केला.

त्याचा आपल्याशी काय संबंध? आणीबाणीत १९७६ साली आपल्या सुप्रीम कोर्टात असाच प्रश्न आला, की सरकारनं विनाचौकशी आत टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का. चार न्यायमूर्ती ‘नाही’ म्हणाले, एकटे न्या. खन्ना ‘हो’ म्हणाले. त्या चौघांत आपले मराठी न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. आणि २०१७ साली तो निकाल चुकीचा होता असं ज्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलं गेलं, ते लिहिणारे होते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड! आमच्या कऱ्हाडकरांना तर आणीबाणी म्हटलं की दुर्गाबाई भागवत आठवतात. डिसेंबर १९७५ मध्ये इथल्याच साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. भर मांडवात, मंत्री समोर असताना, ही पातळ अंगकाठीची बाई निर्भयपणे बोलली. पुढच्या वर्षी त्यांनाही अटक झाली. मृणालताई गोरे आधीच तुरुंगात गेल्या होत्या. ‘पाणीवाली बाई’ देशाला धोका कशी काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

फे टेलर आणि दुर्गाबाईंना मी एका तागडीत घालत नाहीये, गैरसमज नको. दोघींवर वापरलेलं कुलूप मात्र एकाच कारखान्यातलं होतं.

ऑक्टोबर १९४३ मध्ये फेला सोडलं, आयर्लंडला निघून जायच्या अटीवर. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेत जाऊन छोट्या गाड्यांच्या शर्यतीत उतरली, १९८३ पर्यंत जगली. तिचे विचार बदलले असं काही वाचनात येत नाही. थेरेसाही अमेरिकेत गेली. शिकागोत मोटरसायकलचं दुकान चालवलं, मग फीनिक्स शहरात लोकांना मोटरसायकल शिकवायची शाळा काढली आणि नव्वदीला टेकून गेली. टीटीच्या त्या बेटावर १९६२ साली बेरिल स्वेन ही बाई पुरुषांबरोबर एकटीनं शर्यतीत उतरली, आणि त्यानंतर तिचं आंतरराष्ट्रीय लायसन्सच काढून घेतलं. कारण तेच, १९३० चं.

ब्रुकलँड्सचा ट्रॅक युद्धानं खाल्ला. १९३९ ला शर्यती थांबल्या. कारखान्यासाठी जागा हवी म्हणून काँक्रीट फोडलं, वरून दिसू नये म्हणून झाडं लावली. तरी ४ सप्टेंबर १९४० ला जर्मनांनी दुपारच्या वेळी बॉम्ब टाकले आणि ऐंशीहून जास्त कामगार मेले. १९४६ मध्ये जागा विमान कंपनीला विकली आणि तिथं पुन्हा कधी शर्यत झाली नाही. आता तिथं म्युझियम आहे, आणि तो परातीसारखा काठ काही ठिकाणी अजून उभा आहे.

बिएट्रिस १९६९ पर्यंत त्याच सरकारी केंद्रात राहिली. ओबीई हा किताब मिळाला, सर्वांत वरची खुर्ची मात्र पुरुषांकडंच राहिली. जॉर्ज युद्धातून सुखरूप परत आला. मग दोघांनी मिळून मोटारी आणल्या, घरीच खोलून त्यांची इंजिनं वाढवली, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही ती शर्यतीत उतरत होती. माझ्या वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘नवरा सोबत होता ना तिच्या, मग ठीक आहे.’’ भाचीची पुढची तारीख जानेवारीत आहे. चामड्याचा सूट अजून मैत्रिणीचाच नेणार म्हणाली, तो खांद्यात थोडा सैल होतो. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडं जाड सुई आहे का, ते विचारून ठेवलंय मी.